समाजमंदिराला ओटा हवा!

काशीदला हॉटेले वाढताना पाहून मला कोकणी चाकरमान्यांचे गिरणगाव आठवते. १९८२ च्या संपानंतर तिथल्या गिरण्या थंडावल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले : सार्वजनिक मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने पहिले दोन वाटे नुसत्या रिकाम्या जमिनीपुरते उरले. बाकीच्यावर मनोरे चढले!

वाचकहो, त्या गिरणगावात गावकीच्या एका खोलीत कित्येकांच्या ट्रंका, पथाऱ्या, भजन आणि गावची खबरबात मावत असे. म्हणून माझे म्हणणे एवढेच : समाजमंदिर बांधाल तेव्हा भपकेदार सभागृह मागाहून, आधी रस्त्यालगत ओटा, प्यायचे पाणी आणि बिनभाड्याची भजनाची खोली द्या. जिथे टेकायला कुणाची परवानगी लागत नाही, तीच जागा समाजाची!