५५ किलोंचा गट, १३५ किलोंचा भार

परभणीच्या मोंढ्यात हमालाच्या पाठीवरून उतरणारं पोतं ५० किलोंच्या आसपास असतं. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतल्या वेटलिफ्टिंगमध्ये अशा अडीच पोत्यांहून जास्त, म्हणजे १३५ किलो, डोक्यावर तोलले. स्नॅचचे, म्हणजे एका झटक्यात डोक्यावर नेलेले, ११३ धरून एकूण २४८. सुवर्ण हुकलं ते अवघ्या एका किलोनं. आणि गट कोणता, तर ५५ किलोंचा!

ही ताकद नुसत्या दंडात नसते. ती मुख्यतः मांड्या, कुल्ले आणि कण्यालगतच्या स्नायूंत असते. वजनगटाची मर्यादा असली की चरबी हे फुकटचं ओझं. आखूड हातापायांचा फायदा असा की बार कमी उंच न्यावा लागतो.

सर्वांत वरच्या गटात मर्यादाच नसते. जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे १७० किलोंच्या पुढचा, पोट सुटलेला. २०२१ मध्ये त्यानं एकूण ४९२ किलोंचा विश्वविक्रम केला. शरीराच्या वजनाशी ताडलं तर मात्र संकेत सरस: तो साडेचार पट, लाशा तीन पटींच्या आत.

गट कोणताही असो, ताकदीला आहाराची जोड लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण लोह आणि जस्त जास्त मिळावं म्हणूनच पुढे आलं. तालमीतल्या पोरांच्या ताटात या ज्वारीची भाकरी जरूर असावी. सोबत डाळ, दूध, अंडी हवीतच, कारण प्रथिनांशिवाय स्नायू भरत नाहीत.