खुर्चीमागचा माणूस

चंदीगडच्या सरकारी कचेरीतली जुनी खुर्ची परदेशातल्या लिलावात लाखो रुपयांना गेली, ही बातमी आता वरचेवर येते. आकडा वाचून आपण थक्क होतो. पण या खुर्च्या ज्यांच्या नावावर विकल्या जातात, त्या वास्तुरचनाकार पिएर जानरे यांचे काम समजून घ्यायचे तर लिलावाच्या यादीपेक्षा त्यांनी काढलेली छायाचित्रे पाहावीत.

१८९६ साली जिनिव्हात जन्मलेले जानरे हे चंदीगडचे आराखडे करणारे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांचे नात्याने भाऊ आणि पॅरिसमधले भागीदार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राजकीय मतभेदांतून दोघे दुरावले, चंदीगडच्या उभारणीने त्यांना पुन्हा जोडले. फरक एवढाच, की कॉर्बुझिए येऊन-जाऊन असत आणि जानरे १९५१ ते १९६५ तिथेच राहिले.

कॅमेऱ्याची गोडी मात्र त्याआधीची. १९३० च्या दशकात फर्निचर-रचनाकार शार्लोट पेरियाँ आणि चित्रकार फेर्नाँ लेजे यांच्यासोबत ते किनाऱ्यांवर, रानांत भटकत आणि पाण्याने झिजलेली लाकडे, हाडे, दगड यांची छायाचित्रे काढत. तीच नजर ते पंजाबात घेऊन आले. तिथली खेडी, माणसे, उभे राहत असलेले शहर, सगळे त्यांनी टिपले. हा बराचसा ठेवा आज मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चरमध्ये आहे. हा फावल्या वेळातला छंद नव्हता, असे मला ठामपणे वाटते. कुठली वस्तू कशाने बनते आणि कशी वापरली जाते, हे ते कॅमेऱ्यातून शिकत होते.

म्हणूनच त्यांच्या घरांत स्वस्त वीट ओशाळत नाही. ब्रिटिश वास्तुरचनाकार मॅक्सवेल फ्राय, जेन ड्र्यू आणि जानरे यांनी चंदीगडमध्ये मंत्र्यापासून शिपायापर्यंत सरकारी घरे आखली. सिमेंट-पोलाद महाग, उन्हाळा भाजून काढणारा. तेव्हा विटांचीच जाळी रचून वारा आत घेतला आणि ऊन अडवले. स्वतःच्या घरासाठी तर त्यांनी बांबू आणि दोरीच्या बैठकी केल्या.

ती लिलावातली खुर्चीही याच विचाराची. सागवानाचे पाय उलट्या व्हीसारखे, बैठक आणि पाठ वेताने विणलेली, म्हणजे घामेजल्या पाठीला वारा लागतो. मागच्या लाकडावर रंगाने लिहिलेले खात्याचे नाव आणि क्रमांक. सुतारांनी त्या हजारोंनी बनवल्या, आराखड्यांत युली चौधरींसारख्या भारतीय वास्तुरचनाकारांचा हात होता. पुढे आपणच त्या भंगारात काढल्या. केंद्रीय गृहमंत्रालयाने विक्रीला मनाई केली ती २०११ मध्ये, तोवर किती तरी खुर्च्या देशाबाहेर गेल्या होत्या. विकत घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्या कचेऱ्यांना आपल्याच सुतारकामाची किंमत कळली नाही, ही खंत मोठी आहे.

चंदीगडच्या सुखना तलावात फिरायला जानरेंनी पायाने चालवायची होडी तयार केली होती. ४ डिसेंबर १९६७ रोजी ते जिनिव्हात वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे पुतणीने १९७० मध्ये त्यांची रक्षा आणून याच तलावात सोडली.

सेक्टर ५ मधले त्यांचे ५७ क्रमांकाचे घर २०१७ पासून संग्रहालय आहे. चंदीगडला जाल तेव्हा रॉक गार्डनच्या रांगेत उभे राहण्याआधी तासभर तिथे काढा, आणि मुलांनाही सोबत न्या.