एक्सएमएलची ओळख (भाग ७) : मोफत एडिटर कोणता?

एक्सएमएल फाइल म्हणजे साधा मजकूर. ती कोणत्याही नोटपॅडमध्ये उघडते आणि लिहिताही येते. तरी तिच्यासाठी वेगळा एडिटर लागतो, कारण १९९८मध्ये डब्ल्यूथ्रीसीने ठरवलेले नियम कडक आहेत. एकही टॅग बंद करायचा राहिला, तर पार्सरने तिथेच थांबायचे असते; अंदाजाने दुरुस्ती करून पुढे जायची मुभा त्याला नाही.

टॅगचे रंग आणि आपोआप बंद होणारे टॅग आता बहुतेक एडिटरांत मिळतात. खरा कस लागतो तो तपासणीत. मागच्या भागातला वेल-फॉर्म्ड आणि व्हॅलिड हा भेद इथे कामी येतो. वेल-फॉर्म्ड तपासणी फक्त मांडणी पाहते; व्हॅलिड तपासणी फाइल स्कीमाशी, म्हणजे कोणता टॅग कुठे चालतो याच्या नियमांशी, ताडून पाहते. स्कीमा समजणारा एडिटर ‘या जागी हा टॅग चालत नाही’ असे ओळ दाखवून सांगतो.

विंडोजवरील नोटपॅड++ हलका आहे, पण तपासणीसाठी त्याला एक्सएमएल टूल्स हा प्लगइन जोडावा लागतो. व्हीएस कोडला रेड हॅटचे एक्सएमएल एक्स्टेन्शन जोडले की डीटीडी आणि एक्सएसडी या दोन्ही प्रकारच्या स्कीमांनुसार तपासणी होते, शिवाय टाइप करताना योग्य टॅगही सुचवले जातात. एक्सएमएल कॉपी एडिटर तर याच कामासाठी बनलेला आहे. मायक्रोसॉफ्टचा एक्सएमएल नोटपॅड फाइल झाडासारखी उलगडून दाखवतो. नोंदींतले आकडे बदलायला तो सोयीचा, सलग गद्याला गैरसोयीचा. ईमॅक्समधला एनएक्सएमएल मोड जेम्स क्लार्क यांचा. तो टाइप करतानाच तपासतो, मात्र त्याला रिलॅक्स एनजी स्कीमा हवा. एक्सएसडी चालत नाही.

टॅगची नावे मराठीत ठेवता येतात का, या वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे; देवनागरी नावांना पहिल्या आवृत्तीपासून परवानगी आहे. अडचण येते ती ‘कर्मचाऱ्याचे_नाव’ अशा टॅगमधल्या ‘ऱ्या’ची. हे अक्षर दोन प्रकारे टाइप होते : नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र्’नंतर झीरो-विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालून. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. मात्र जॉइनरला टॅगच्या नावात जागा मिळाली ती २००८च्या पाचव्या आवृत्तीत, आणि काही पार्सर अजून जुन्या नियमांवर चालतात. म्हणून एकच फाइल एका एडिटरमध्ये बिनचूक ठरते आणि दुसऱ्यात चुकीची. टॅगच्या नावात ‘ऱ’च वापरावा, टॅगांमधल्या मजकुरात दोन्ही रूपे चालतात.

या प्रश्नाने जागा घेतल्यामुळे एक्सएसएलटी पुढच्या भागात. तोवर नवशिक्यांनी व्हीएस कोड आणि रेड हॅटचे एक्स्टेन्शन घ्यावे. संगणक जुना असेल तर एक्सएमएल कॉपी एडिटर पुरेसा आहे. एडिटर कोणताही असो, स्कीमा जोडल्याशिवाय काम सुरू करू नये.