लाकडाच्या नळीला सूर कसा येतो?



निडीच्या आमच्या सुतारकाम वर्गात कातकरी मुले उपासनेसाठी छोटा ऑर्गन बनवत आहेत. “पेटी असताना हा खटाटोप कशाला?” असे काहींनी विचारले. त्याचे हे उत्तर.

पेटीत पितळी रीड थरथरते आणि ती विकतच आणावी लागते. ऑर्गनच्या लाकडी नळीत हलणारा भागच नसतो. चार फळ्या सरसाने चिकटवून चौकोनी नळी करायची. तळाशी ठोकळा बसवायचा. ठोकळा आणि पुढचे टोपण यांच्यामधल्या बारीक फटीतून भात्याचा वारा वर येतो आणि नळीच्या तोंडावरच्या तासलेल्या धारेवर आदळतो. तो धारेच्या आत-बाहेर डोलू लागला की नळीतली हवा कंप पावते व सूर उमटतो. शिट्टीही अशीच वाजते.

सूर लांबीवर ठरतो. मधल्या ‘सी’ स्वराला उघडी नळी सुमारे दोन फूट लागते. वरचे टोक बुचाने बंद केले तर एक फूट पुरते. लाकूड निम्मे वाचते, म्हणून आम्ही बंद नळ्याच करतो. बुचाला मऊ कातडे लावतो. बुच आत दाबले की सूर चढतो, बाहेर ओढले की उतरतो.

फिलिपाईन्समधील लास पिन्यास येथे फादर दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात ऑर्गन बांधला. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. जवळ जे होते तेच त्यांनी देवाच्या सेवेला लावले. आमच्याजवळ मोडलेल्या घरांचे जुने सागवान आहे.

पहिल्या वर्षी मात्र आम्ही चुकलो. भर पावसात नळ्या जोडल्या. दमट हवेने लाकूड फुगलेले होते. दिवाळीनंतर ते आकसले, सांधे उघडले आणि आठपैकी तीन नळ्या मुक्या झाल्या. सुईच्या टोकाएवढ्या फटीतूनही वारा निसटतो. तेव्हापासून जोडणी कोरड्या दिवसांतच करायची असे ठरवले.

पण नेमके याच दिवसांत वाडीतली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. ती परततात पावसाच्या तोंडावर. आईबापांबरोबर मुलेही जातात. शाळा सुटते, रंधाही सुटतो.

यंदा तीन मुले वाडीत आजीजवळ राहिली. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय तुमच्या दानातून झाली. सकाळी ती शाळेत जातात, दुपारी रंधा मारतात. त्यांतल्या एकाने परवा नळी ओठांना लावून फुंकली, ऐकली, बुच केसभर दाबले आणि पुन्हा फुंकली. सूर पेटीशी जुळला. मी काहीच सांगितले नव्हते.

अजून अकरा नळ्या करायच्या आहेत. त्यांच्या जोडीची दोन मुले सध्या भट्टीवर आहेत. पुढच्या दिवाळीनंतर तीही वर्गात राहावीत, यासाठी प्रार्थना करा व जमेल तसा हातभार लावा.