भिंतीवरचे औषध आणि शरीराचा जमाखर्च

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत, जामसरच्या बाजूला, कारवीच्या कुडाला शेणामातीने लिंपून घर उभे करण्याची रीत जुनी आहे. हिवतापाचे डास रक्त पिऊन जड झाले की अशाच भिंतींवर विसावतात. तेव्हा भिंतीवरच त्यांना गाठावे, ही डी. डी. टी. फवारणीमागची कल्पना. पॉल म्यूलर या स्विस रसायनज्ञाला १९३९ साली या द्रव्याचा कीटकनाशक गुण आढळला. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली. त्यापूर्वी देशात दरसाल सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि ८ लाख दगावत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या १ लाखाच्या आसपास उतरली. हे ऋण विसरून चालणार नाही.

पण ज्या गुणामुळे हे द्रव्य उपयोगी पडले, तोच त्याचा दोषही ठरला. तो गुण म्हणजे टिकाऊपणा. डी. डी. टी. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळते. भिंतीवर ते महिनोन्महिने राहते, तसा त्याचा डी. डी. ई. हा अवशेष शरीराच्या चरबीत वर्षानुवर्षे राहतो आणि आईच्या दुधातून बाळाकडेही जातो.

असे परके द्रव्य आले की यकृत त्याला बाहेर घालवण्यासाठी अधिक विकरे, म्हणजेच एन्झाइमे, तयार करू लागते. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. रक्ततपासणीत ‘लिव्हरची एन्झाइमे वाढली’ असे म्हणतात, तेव्हा बहुधा दुखावलेल्या पेशींतून रक्तात झिरपलेली विकरे अभिप्रेत असतात. आपण बोलतो आहोत ती यकृताने कामासाठी मुद्दाम वाढवलेली विकरे होत. पेशी शाबूत असतानाही ती वाढू शकतात. डी. डी. टी.च्या कारखान्यातील कामगारांच्या शरीरातून एक औषध नेहमीपेक्षा लवकर निघून जाते, असे १९७० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

आता अवटु ग्रंथीकडे, म्हणजे थायरॉइडकडे, वळू. तिचा थायरॉक्सिन हा स्राव यकृतातच काही अंशी निकालात निघतो: विकरे त्याला एक शर्कराम्ल जोडतात आणि तो पित्तावाटे बाहेर पडतो. ही विकरे वाढली की घरचा मालही परक्या मालाबरोबर बाहेर जाऊ लागतो. रक्तातील थायरॉक्सिन घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अवटूला अधिक कामाचा हुकूम सोडते. जमा वाढवून खर्च भागवण्याचाच हा प्रकार.

उंदरांत हा क्रम स्पष्ट दिसतो. माणसांत तो तितका ठळक नाही, कारण आपल्या रक्तातील एक प्रथिन थायरॉक्सिनला घट्ट धरून ठेवते. उंदराचे निम्मे थायरॉक्सिन एका दिवसाच्या आत संपते, माणसाचे संपायला सुमारे आठवडा लागतो. म्हणून माणसांवरील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु जिची शिल्लकच अपुरी, तिला थोडाही जादा खर्च जड जातो. गर्भाची अवटु ग्रंथी सुमारे तीन महिन्यांनंतर स्राव करू लागते. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला आईचेच थायरॉक्सिन पुरवावे लागते. गरोदर स्त्रीच्या आहारात आयोडीन कमी असेल, तर काळजी तेथे आहे.

भारतात १९८९ साली शेतीसाठी डी. डी. टी.चा वापर बंद झाला. २००१ च्या स्टॉकहोम कराराने रोगवाहक कीटकांविरुद्ध मात्र त्याला मुभा ठेवली. भारताने २००६ साली त्या कराराला मान्यता दिली. हिवताप हा समोरचा शत्रू आहे, त्याच्यापुढे ही तडजोड समजण्यासारखी आहे. पण डासांसाठी आलेली पूड धान्याच्या कणगीत घालणे, फवारणीच्या वेळी अन्नपाणी उघडे ठेवणे, या गोष्टींना कोणतीही मुभा नाही. मीठ आयोडीनयुक्त घ्यावे आणि झाकून ठेवावे. आणि आईने अंगावरचे दूध थांबवू नये. त्यातील अवशेषांच्या भीतीपेक्षा त्या दुधाचा लाभ फार मोठा आहे.