मोहमेडन स्पोर्टिंग : आधी पगार, मग गोल

व्यापाराच्या पानावर फुटबॉलचे काय काम, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर एवढेच की, आजचा व्यावसायिक फुटबॉल संघ ही एक पेढीच असते. तिच्यात भांडवल असते, भागीदार असतात, पगारावर राबणारे कसबी लोक असतात, गिऱ्हाईक असते आणि वर्षाअखेर हिशेबही असतो. कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग क्लब ही तर १८९१ साली सुरू झालेली, आपल्या समाजाने उभी केलेली जुनी पेढी. तिचे नाव आपल्यापैकी अनेकांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. येत्या हंगामात ही पेढी सावरायची तर काय सुधारावे लागेल, हा प्रश्न म्हणूनच या पानाचाही आहे.

पत कशी कमावली?

१९३४ साली या क्लबने कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. त्यापूर्वी एकाही हिंदी क्लबला ती जिंकता आली नव्हती. मग १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे लीग याच क्लबकडे राहिली. १९३६ साली लीगबरोबर आयएफए शील्डही आली. १९४० साली दिल्लीत ड्युरँड कप आणि त्याच वर्षी मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. रोव्हर्स १९५६ साली पुन्हा याच क्लबने नेला. मुंबईच्या जुन्या मंडळींना ती स्पर्धा आणि कूपरेजचे मैदान अजून आठवत असेल.

हे यश नशिबाने मिळाले नव्हते. त्या काळच्या चालकांनी बंगळूरसारख्या दूरच्या शहरांतून चांगले खेळाडू हेरून आणले. बहुतेक हिंदी खेळाडू अनवाणी खेळत असताना पावसाच्या दिवसांत आपल्या खेळाडूंना बूट घालून खेळविण्याची सवय लावली. म्हणजे कारीगर पारखून घेतला आणि त्याच्या हाती कामाला योग्य असे अवजार दिले. कोणताही जाणता कारखानदार हेच करतो.

उलट उदाहरणही याच क्लबचे आहे. २०१४ साली या संघाने आयएफए शील्ड जिंकली. त्याच वर्षी तो आय-लीगमधून खाली घसरला आणि वर्ष संपण्यापूर्वी पैशाअभावी मुख्य संघच बंद करण्याची वेळ आली. कपाटात करंडक आणि गल्ल्यात खडखडाट! त्यानंतर पुन्हा मेहनत झाली. २०२१ साली चाळीस वर्षांनी कलकत्ता लीग मिळाली, २०२२ आणि २०२३ सालीही ती राखली. एप्रिल २०२४ मध्ये आय-लीग जिंकून संघ देशातील सर्वांत वरच्या स्पर्धेत, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला.

पहिल्या वर्षाचा ताळेबंद

२०२५-२६ चा हंगाम व्यापारी करारांच्या घोळामुळे लांबला. तो फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाला आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला तेराच सामने ठेवण्यात आले. अशा तुटपुंज्या हंगामावरून अंदाज बांधणे बरे नव्हे. पूर्ण चोवीस सामन्यांची खातेवही २०२४-२५ चीच आहे, म्हणून आम्ही तीच उघडतो.

सामने २४. विजय २, बरोबरी ७, पराभव १५. केलेले गोल १२, खाल्लेले गोल ४३. गुण १३ आणि तेरा संघांत क्रमांक तेरावा. दोन सामन्यांत मिळून एक गोल, अशी ही कमाई. जमा बारा आणि खर्च त्रेचाळीस असलेली पेढी कोणत्याही बाजारात टिकत नाही.

या आकड्यांच्या आत शिरले की दोष वेगवेगळे दिसतात. पहिला दोष शेवटच्या मिनिटांचा. १६ सप्टेंबर २०२४ रोजी पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने भरपाईच्या वेळेत गोल करून विजय हिरावून नेला. पुढच्या सामन्यात एफसी गोवाविरुद्ध एका गोलाची आघाडी होती, तीही भरपाईच्या वेळेतच गेली. पहिल्या सामन्यात एक गुण गेला, दुसऱ्यात दोन. दिवसभर राबून विणलेला तागा घडी घालताना फाटावा, तसे झाले.

दुसरा दोष गोल करण्याचा. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी ईस्ट बंगालचे दोन खेळाडू अर्ध्या तासाच्या आतच बाहेर काढले गेले. पुढे एक तासाहून अधिक वेळ अकरा विरुद्ध नऊ असा सामना चालला. तरीही तो शून्य-शून्य सुटला. समोरचे दुकान अर्धे बंद असताना ज्याला माल विकता येत नाही, त्याची अडचण बाजारात नसते, त्याच्या स्वतःच्या काउंटरवर असते.

तिसरा दोष घरच्या मैदानाचा. जे दोन विजय मिळाले ते चेन्नईत आणि बंगळूरमध्ये. कलकत्त्यात, आपल्या लोकांसमोर, संपूर्ण हंगामात एकही विजय नाही. आपल्याच गल्लीतले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेले तर ते किती दिवस येईल?

दुखण्याचे मूळ

येथवरचे दोष प्रशिक्षक दुरुस्त करू शकतो. परंतु ज्यांनी आय-लीग जिंकून दिली ते रशियन प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव्ह जानेवारी २०२५ अखेर पद सोडून गेले. पगार थकला हे कारण त्यांनी जाहीरपणे सांगितले. उरलेला हंगाम मेहराजुद्दीन वाडू यांना ओढावा लागला. खेळाडूंच्या थकबाकीच्या बातम्याही वृत्तपत्रांत येत राहिल्या. क्लब आणि पैसा लावणाऱ्या दोन कंपन्या, बंकरहिल व श्राची, यांच्यात भाग नावावर करून देण्याचा प्रश्न लोंबकळत राहिला आणि मधल्या मध्ये पगार अडकले. कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा आम्ही करणार नाही. भागीदारांचे भांडण मिटेपर्यंत कारीगराची चूल थांबत नाही, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

सप्टेंबरातले ते शेवटच्या क्षणाचे गोल थकलेल्या पगारामुळे झाले असे कोणी म्हणू नये. ते दमाचे आणि अनुभवाचे अपयश होते. पण दोष कळल्यावर तो काढण्यासाठी रोजचा सराव लागतो, त्याला स्वस्थ मन लागते. मागावर बसलेल्या कारीगराच्या डोक्यात घरभाड्याचा विचार असेल तर ताण्याचा धागा तुटलेला त्याला दिसत नाही आणि वारच्या वार खराब निघतो. म्हणूनच सप्टेंबरातला दोष फेब्रुवारीतही तसाच राहिला.

शिवाय थकबाकीचा आणखी एक फटका असतो. खेळाडूंचे पैसे बुडविणाऱ्या क्लबला, ते पैसे फेडेपर्यंत, नव्या खेळाडूंची नोंदणी करता येत नाही, असा फिफाचा कायदा आहे. २०२५ साली अशी बंदी या क्लबवरही आली. ज्याची जुनी उधारी थकलेली आहे त्याला सूत बाजारात नवे सूत मिळत नाही, तोच हा प्रकार. चांगला गोल करणारा आणा, असे समर्थक ओरडतात. पण नोंदणीच बंद असेल तर तो आणायचा कोठून?

काय सुधारावे?

आमच्या मते क्रम असा असावा.

पहिले काम पगाराचे. हंगामाचा पहिला चेंडू पडण्यापूर्वी वर्षभराच्या पगाराची रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि तिला अमानत समजावे. जेवढी रक्कम हाती असेल तेवढाच संघ बांधावा. मैदानात एका वेळी चार परदेशी उतरविण्याची मुभा होती. मुभा म्हणजे सक्ती नव्हे. दोनच आणावेत, पण त्यांचा पैसा वेळेवर द्यावा.

दुसरे काम दस्ताचे. कोणाचा भाग किती, कोणी कोणत्या महिन्यात किती रक्कम भरायची, न भरल्यास काय, हे हंगामापूर्वी लेखी ठरावे. तोंडी भरवशावर भावाभावांच्या पेढ्या फुटल्या, तेथे क्लबची काय कथा?

तिसरे काम थांबलेल्या चेंडूचे. बंगळूरचा विजय मिर्झालोल कासिमोव्ह यांच्या फ्री किकवर मिळाला. गोव्याविरुद्धची आघाडी पेनल्टीची होती. ज्या संघाला खेळातून गोल मिळत नाहीत, त्याने कॉर्नर आणि फ्री किकचा सराव दुप्पट करावा. यास भांडवल लागत नाही, वेळ व शिस्त लागते.

चौथे काम शेवटच्या दहा मिनिटांचे. दमलेल्याला वेळेवर बाहेर घ्यायचे, ताज्या पायांचा माणूस आत पाठवायचा आणि आघाडी असेल तर चेंडू आपल्याकडे ठेवायचा. हे आधी ठरलेले असावे.

पाचवे काम घरच्या शागीर्दांचे. चेन्नईतील विजयी गोल मिझोरामच्या लालरेमसांगा फनाई या तरुणाचा होता. पारख असली तर हुनर जवळच सापडते. कलकत्ता लीग ही क्लबची घरचीच शाळा आहे. तेथे तरुणांना पूर्ण हंगाम खेळवावे आणि दरवर्षी त्यांतले दोन-तीन वरच्या संघात घ्यावेत. बाजारातून आयता माल घेणाऱ्यापेक्षा स्वतःचा कारीगर तयार करणारा मंदीत जास्त टिकतो.

पगार दिला म्हणजे जिंकू काय?

असे विचारणारे आहेतच. आमचे उत्तर, नाही. वेळेवर पगार देणारे संघही हरतात, नियमित मजुरी देणारे कारखानेही मंदीत सापडतात. परंतु हरलेल्या वर्षानंतर त्यांचे लोक त्यांच्याकडेच राहतात आणि दुसऱ्या वर्षी काम तेथूनच पुढे सुरू होते. पगार चुकविणाऱ्याला मात्र प्रत्येक वर्षी पहिल्या इयत्तेपासून आरंभ करावा लागतो. मोहमेडनने २०१४ साली हे भोगले आणि २०२५ साली पुन्हा भोगले.

घाम सुकण्याआधी मजुरी हातावर ठेवावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या क्लबने समाजाचे नाव उंचावले त्याच्याकडून ही अपेक्षा आधी करावी, करंडकाची नंतर. कलकत्त्याशी ज्यांचा कापडाचा व्यवहार आहे, मटियाबुर्जच्या शिंप्यांपासून बडा बाजारपर्यंत ज्यांची ऊठबस आहे, त्या आमच्या व्यापारी बंधूंना एक विनंती. क्लबचे सभासद वा चालक भेटले तर 'यंदा कोणता नवा खेळाडू आणता?' असे प्रथम विचारू नका. 'गेल्या महिन्याचा पगार झाला का?' असे विचारा. आणि हाच प्रश्न महिन्यातून एकदा आपल्या स्वतःच्या गादीवर बसूनही विचारावा.