कोनाचे कसब
१८६३ साली न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने चाकांच्या पादत्राणांत रबरी उशीवर कलणारा आस योजून शरीराच्या झुकावाचे वळणात रूपांतर करण्याची जी तजवीज केली, तिच्यावरच आजच्या स्केटबोर्डचा ट्रक, म्हणजे फळी व चाके यांना जोडणारा धातूचा सांधा, आधारलेला आहे. आणि घरच्या लेथवर तो घडवू पाहणाऱ्या हौशी कारागिराला प्रथम निर्णय करावा लागतो तो धातूचा नव्हे, कोनाचा. ज्या तिरप्या अक्षाभोवती हँगर, म्हणजे आस धरणारा ट्रकचा भाग, डोलतो, तो फळीशी ४५ अंशांवर ठेवल्यास फळी २० अंश झुकताच आस सुमारे १९ अंश वळतो. ३० अंशांवर आणल्यास हेच वळण जेमतेम ११ अंश उरते, आणि उतारावरील वेगात ही मंदताच हितावह ठरते. हँगरसाठी ६०६१ जातीचे अॅल्युमिनियम मिलिंगवर सुखाने कापले जाते. आस मात्र पोलादाचाच हवा, नि प्रचलित बेअरिंगांसाठी ८ मिलिमीटरचा. किंचित जाड झाला तर बेअरिंग चढत नाही, बारीक झाला तर खडखडते. मधला बोल्ट, किंगपिन, स्वतः कातण्याची हौस मात्र माझ्या मते शुद्ध अविचार होय. तो उच्च ताकदीचा तयारच घ्यावा, आणि उरलेली हौस किंगपिनवर बसणाऱ्या पॉलियुरेथेनच्या बुशांचा, म्हणजे लवचीक उशांचा, कठीणपणा पारखण्यात खुशाल खर्चावी.